माझा की रायफलचा

नाना, तुमची घडीची खुर्ची अजून माझ्या डिकीतच आहे. हिरव्या कापडाची, थर्मास ठेवायला जाळीचा खिसा असलेली. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. वळणावर ती सरकते, खडखडते, आणि मला वाटतं तुम्ही मागून ओरडलात, "हळू घे की लेका, रेंज काय पळून चाललीय?"

मंडळाच्या अंकात तुमच्यावर कुणी लिहायचं हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. पाच वर्षांतले बहुतेक शनिवार मी तुमच्याबरोबर काढले. तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात किती वर्षं लेथवर उभे होतात, ते कुणीतरी चौकटीत छापेलच. मी लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणासाठी. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती आणि मी ती दीड वर्ष सांगितली नाही. तुम्ही मला नेहमी टोमणा मारायचात, "नागपूरचा असून एवढा गप्प? तिकडनं हाकलून दिला असंल तुला." गप्प राहणं हा माझा स्वभाव आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. या प्रकरणात तो स्वभाव नव्हता. तो भित्रेपणा होता.

पण क्रमानं सांगतो. अर्धवट मोजमाप तुम्हाला चालायचं नाही.

आपली ओळख इकडची, परदेशातली, बॉथेल गावच्या गणपतीतली, दोन हजार तीनची. प्रसादाच्या रांगेत मी कुणालातरी सहज बोललो की कॉलेजच्या कॅम्पात मी पॉइंट टू-टूची रायफल चालवली होती, दुसरा आलो होतो. माझ्या पुढे उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ हातातल्या खिरापतीसकट वळले. "पहिला का नाही आलास?"

ते तुम्ही.

मी म्हटलं, "रायफल जुनी होती हो."

"असं म्हणतोय होय," तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत. "शनिवारी काय करतोस?"

त्या शनिवारी तुम्ही मला रायफल घ्यायला घेऊन गेलात. आपण दोघांत मिळून एकच घ्यायची, नावावर तुमच्या, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. मी मात्र तयारीनं आलो होतो. आठवडाभर इंटरनेटवर बसून तक्ता केला होता. माझं मत पक्कं होतं: अचूकता हवी तर बोल्ट-ॲक्शन घ्यायची. प्रत्येक गोळीमागे हातानं खटका ओढायचा, गोळी चढवायची, नेम धरायचा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सगळं आतल्या आत धडधडत हलतं, तिथे अचूकता कसली?

गाडीत तुम्ही माझा तक्ता ऐकून घेतलात. मग म्हणालात, "बोल्टवाली अचूक असणारच की. तिला दुसरं काम काय? ह्या सेमी-ऑटोमॅटिकला गोळी उडवायची, रिकामं टरफल भायेर फेकायचं, दुसरी चढवायची, आणि वर नेमही सोडायचा न्हाई. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईसारखी. असली एक जमवून दाखवायची म्हणजे कारागिरी."

मागच्या सीटवरून शरयूकाकू म्हणाल्या, "ऐकलं हं मी. मी पंचवीस वर्षं बँकेत जाऊन घर चालवलं, तेव्हा कारागिरी म्हणाला नव्हतात."

"तुला सांगायची गरज काय? दिसत होतं की," तुम्ही म्हणालात. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं, पण त्या हसत होत्या.

दुकानात तुम्ही एकाच मॉडेलच्या पाच रायफली काउंटरवर मांडायला लावल्यात. इथे जी रायफल दर तिसऱ्या घराच्या कपाटात असते तीच, त्यात नवल काही नव्हतं. तुम्ही खिशातून छोटा टॉर्च काढलात, पांढऱ्या कागदाचा तुकडा मागच्या बाजूला धरलात आणि एकेक नळी आतून पाहायला लागलात. मग भिंग काढून नळीच्या तोंडाची कड. मग प्रत्येकीचा चाप रिकामा ओढून, डोळे मिटून, कुठे सुटतो ते. अर्धा तास झाला. विक्रेता घड्याळ पाहायला लागला. मी कुजबुजलो, "नाना, रायफल घेताय की सून पसंत करताय?"

"सून पोरानं आणली. तिथं मला विचारलं कुणी?"

शेवटी तुम्ही त्या पाचही बाजूला सारल्यात आणि कोपऱ्यातल्या रॅकमधली एक जुनी मागितलीत, जिच्या लाकडी दस्त्यावर कुणीतरी किल्लीनं ओरखडे काढले होते. तिची नळी चौकटीत हातानं हलवून पाहिलीत. जराही हलली नाही. विक्रेता म्हणाला, "सर, दॅट वन्स बीन अराउंड," म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलीय.

"सो हॅव आय," तुम्ही म्हणालात.

तो सगळा हिवाळा तुमच्या गराजमध्ये गेला. मी दिवसभर स्क्रीनवर काम करणारा माणूस. हातानं काही घडताना मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. नळीच्या तोंडाची कड तुम्ही लेथवर केसभर उतरवून नव्यानं कापलीत, कारण गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती तिथे. "निरोप सरळ द्यावा," म्हणालात, "वाकडा दिला की पुढचा सगळा प्रवास वाकडा." आतली पोलादी खीळ, जिच्यावर आतला सरकता ठोकळा, म्हणजे बोल्ट, दर वेळी येऊन आपटतो, ती काढून तिच्या जागी प्लॅस्टिकची बसवलीत, म्हणजे रायफल हातात दणकणार नाही. ते प्लॅस्टिक काकूंच्या भाजी चिरायच्या पाटाचं होतं. काकूंना ते दोन दिवसांनी कळलं. त्या गराजच्या दारात तो कोपरा गेलेला पाट घेऊन उभ्या राहिल्या, आणि तुम्ही लेथ चालू केलात, म्हणजे ऐकू येत नाही असं दाखवता यावं.

गोळी जिथे बसते त्या खोबणीवरून आपलं कडाक्याचं भांडण झालं. मला ती घट्ट करून हवी होती. घट्ट खोबण म्हणजे गोळी दर वेळी त्याच जागी, म्हणजे अचूकता. तुम्ही म्हणत होतात, सेमी-ऑटोमॅटिकला इतकं आवळलंस तर ती उपाशी राहील, घास तोंडातच अडकेल. "भरवसा आधी, अचूकता मागनं. ज्याचा भरवसा न्हाई तो कितीबी अचूक असू दे, काय करायचाय?" मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगू, रायफलीपुरतं मला ते अजूनही पूर्ण पटलेलं नाही. हा वाद आता तुमच्या बाजूनं कायमचा थांबलाय आणि मला तो जिंकायचाही नाही.

दस्ता तुम्ही शेजाऱ्याच्या पडलेल्या अक्रोडाच्या ओंडक्यातून कोरलात. गाल टेकवायची जागा तुमच्याच गालाच्या हाडाच्या मापाची. मी गाल टेकवला की मला टोचायची. "तुझं गाल वाढू दे जरा," म्हणायचात.

मग गोळ्या. आपण अकरा प्रकारच्या आणल्या. प्रत्येकीच्या पाच-पाच, पन्नास यार्डांवर, आणि प्रत्येक टार्गेटवर तारीख, हवा, गोळीचं नाव घालून ते फायलीत. मी महागातलीवर पैज लावली होती. निवडली गेली ती चेपलेल्या खोक्यातली साधी. "हिला काय आवडतं ते ही सांगते," तुम्ही म्हणालात. "आपण नुसतं वाढायचं."

नेमबाजीच्या रेंजवर पहिले काही शनिवार अवघड गेले. ती वर्षंच तशी होती, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची. दोन सावळी माणसं लांब केसमध्ये रायफल घेऊन उतरली की लोक बोलता बोलता थांबायचे. रेंज सांभाळणारा वॉल्ट, लाल टोपीतला सहा फुटी माणूस, पहिल्या दिवशी आपल्या पाठीशी उभा राहिला तो हललाच नाही. मी गोळ्यांचं खोकं उगाच उघडमीट करत होतो. तुम्ही मात्र शांतपणे पाच गोळ्या मारल्यात आणि दुर्बिणीतून पाहण्याआधी, न वळता, मोठ्यानं म्हणालात, "चौथा माझा."

वॉल्टनं विचारलं, काय म्हणालास? तुम्ही त्याला समजावलंत, आणि तेव्हाच मीही ते पहिल्यांदा नीट ऐकलं. शॉट भरकटला की टार्गेट बघायच्या आधी सांगायचं, चूक कुणाची. हात हलला, श्वास सुटला, चाप ओढताना बोट वाकडं गेलं, तर म्हणायचं "माझा". आपलं सगळं जागेवर होतं अशी खात्री असेल तरच म्हणायचं "रायफलचा". बघून झाल्यावर म्हटलं तर ती सबब. आधी म्हटलं तर ती साक्ष. वॉल्टनं दुर्बिणीला डोळा लावला. चार गोळ्या एका पेनीच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा, आणि चौथी तुम्ही म्हणाला होतात तशी बाजूला. तो आपल्याकडे वळला आणि टोपी जरा मागे सरकवून म्हणाला, "माजा!" त्यानंतर वर्षभरात ती सगळी रेंज "माजा" म्हणायला लागली. ट्रक चालवणारे, शिकारी, एक निवृत्त शिक्षिका. पाईनच्या झाडांखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, आपला एक शब्द चालू लागला. तुम्हाला त्याचा किती अभिमान होता ते तुम्ही कधी बोलला नाहीत. पण शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालायला लागलात.

आता स्क्रूबद्दल. ज्यांनी रायफल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो: नळी आणि आतली सगळी यंत्रणा लाकडी दस्त्यात बसवलेली असते आणि तिला खालून एक स्क्रू धरून ठेवतो. तो किती आवळला आहे यावर रायफलचा स्वभाव अवलंबून असतो. सैल असेल तर ती लाकडात हलते, जास्त आवळला तर नळीवर ताण येतो, आणि दोन्हीकडून गोळ्या पसरतात. मधे कुठेतरी एक जागा असते. ती पुस्तकात नसते. एका पावसाळी शनिवारी तुम्ही ती शोधलीत: स्क्रू जरासा फिरवायचा, पाच मारायच्या, लिहायचं, पुन्हा जरासा. पत्र्यावर पाऊस, थर्मासमधला गवती चहाचा चहा, आणि मी टार्गेटं आणायला पुढेमागे. दुपारी तीनच्या सुमाराला पाच गोळ्यांचं एकच भोक पडलं. कडा किंचित फुललेलं, एकच भोक. तुम्ही रायफल खाली ठेवलीत, काकूंकडून मागून आणलेली लाल नेलपॉलिशची बाटली काढलीत, आणि स्क्रूच्या डोक्यावरून त्याच्याभोवती लाकडात बसवलेल्या पितळी वाटीवर एक सरळ रेघ ओढलीत. स्क्रू तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसणार.

"ही रेघ जुळली म्हणजे रायफल बरोबर," तुम्ही म्हणालात. "मग जे काय चुकेल ते आपलं."

अडीच वर्षं ती रेघ जुळत होती.

आता जे सांगायचंय ते सांगतो.

दोन हजार सहाच्या पानगळीत तुमची नातवंडं राहायला आली. ती आली की रायफल तुम्ही माझ्याकडे, माझ्या कुलपाच्या कपाटात पाठवत होतात. पुढच्या शनिवारी क्लबची वार्षिक मॅच होती, आणि त्याच आठवड्यात तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं. बोलून काही देता येत नाही मला. म्हणून ठरवलं की दस्ता नव्यासारखा करायचा. जुनं पॉलिश उतरवायचं, जवसाचं तेल मुरवायचं. त्यासाठी स्क्रू काढावा लागतो. मी मनात म्हटलं, रेघ आहे ना, परत रेघेला रेघ जुळवू.

पॉलिश उतरवायला जे रसायन मी भरभरून लावलं, ते वाटीवर ओघळलं. स्क्रूचं डोकंही मी त्याच फडक्यानं पुसलं. आणि नंतर पाहतो तर रेघ नाही. दोन्हीकडे नाही. नुसतं चकचकीत पितळ.

मी अंदाजानं आवळलं. मला वाटलं तितपत. मग बायकोच्या ड्रॉवरमधून लाल नेलपॉलिश शोधलं, तसाच रंग, आणि श्वास रोखून एक रेघ ओढली. छान सरळ आली. तुमच्यापेक्षा सरळ. त्या क्षणी मला भीती नव्हती वाटत, नाना. सुटल्यासारखं वाटत होतं. हे मला आज सगळ्यात जास्त लाजिरवाणं वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी रायफल घेऊन आलो. तुम्ही दस्त्यावरून तळहात फिरवलात. "काय केलंस रं हे! लाकूड बघ, बोलाय लागलंय." डोळे भरून आले होते तुमचे. काकूंना बाहेर बोलावून दाखवलंत. मग रायफल उलटी केलीत, वाटीकडे पाहिलंत आणि विचारलंत, "स्क्रू काढला होतास?"

मी म्हटलं, "नाही, नाना. वरूनच घासलं."

"रेघ जागेवर आहे. झालं तर मग."

इतकंच. जो माणूस पाच गोळ्या मारून बघितल्याशिवाय कंपनीनं छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नव्हता, त्यानं ही एक गोष्ट न तपासता मानली. मी सांगितली होती म्हणून.

सकाळी मॅच. मी तुमच्या मागे दुर्बीण लावून बसलो होतो. पहिली गोळी डावीकडे वर. "माझा," तुम्ही म्हणालात. दुसरी खाली. "माझा." तिसऱ्या वेळी तुम्ही जास्त वेळ थांबलात, श्वास दोनदा सोडून परत घेतलात. गोळी उजवीकडे गेली. "माझा." आवाज हळू झाला होता. पाचही गोळ्या तळहाताएवढ्या पसरल्या, आणि पाचही वेळा, टार्गेट न बघता, तुम्ही ती चूक आपल्या अंगावर घेतलीत. एकदा, फक्त एकदा, तुम्ही रायफल उलटी करून रेघ पाहिलीत. ती जुळलेली होती. मी पाहत होतो. मी काहीही बोललो नाही.

मॅच संपल्यावर बोलेन असं ठरवलं होतं. मग वाटलं, आज पंचाहत्तरीचं जेवण आहे, उद्या. जेवणात मंडळातल्या कुणीतरी चेष्टा केली, "काय नाना, नेम गेला म्हणे!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "वय झालं," म्हणालात. तो शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पुढचे दोन शनिवार तुम्ही परत येऊन पाहिलंत. तेच. तिसऱ्या शनिवारी काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "चहाचा कप हातात धरून बसतात रे. चहा हलतो का बघत. गार होईपर्यंत."

तरी मी बोललो नाही. रोज एक दिवस उशीर होत गेला आणि रोज ते सांगणं एका दिवसानं जड होत गेलं. एवढंच कारण आहे. याहून मोठं, याहून बरं कारण मी शोधून पाहिलं. मिळालं नाही.

वसंतात तुम्ही रायफल माझ्या हातात दिलीत. कायमची. "माझा हात आता हिच्या लायकीचा न्हाई. तू चालव. मी मागं बसतो." मी ती घरी आणली, तुमच्या रीतीनं स्क्रू जरासा फिरवत, पाच-पाच मारत, तुमच्यापासून लपून दुसऱ्या रेंजवर जाऊन तीन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी एकच भोक पडलं. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. रायफल बरोबर होती, हात तुमचे बरोबर होते, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं. मी नवीन रेघ ओढली. या वेळी खरी. आणि घरी आलो.

सगळा उन्हाळा तुम्ही माझ्या मागे त्या हिरव्या खुर्चीत बसलात. मला शिकवलंत. "खांदा सोड. दात आवळू नको. श्वास सोडल्यावर जो मोकळा क्षण असतो ना, तिथं." दुर्बिणीला डोळा लावण्याआधी विचारायचात, "कुणाचा?" आणि मी सांगायचो. त्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नाही. तेवढंच करायचं माझ्या हाती आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पानगळीत मी मॅच जिंकलो. तुम्ही उठून उभे राहिलात, टाळ्या वाजवल्यात, वॉल्टला म्हणालात, "सेम रायफल! सेम! डिफरंट हँड्स." आणि माझा हात धरून वर केलात.

त्या दिवशी सांगता आलं असतं. तुम्ही रागावला असतात. वर्षभर बोलला नसतात कदाचित. पण तुम्हाला तुमचे हात परत मिळाले असते.

तुम्ही गेलात त्यानंतर दहा-बारा दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. टार्गेटांची फाईल तुला द्यावी असं ते म्हणाले होते, म्हणाल्या. फाईलखाली एक शाळकरी वही होती. तिच्यात मजकूर काहीच नव्हता. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं, पट्टी न लावता, हातानं ओढलेल्या आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख. रोज एक. मॅचच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. तुम्ही रोज तुमचा हात तपासत होतात.

नाना, मी ती वही शेवटच्या पानापर्यंत पाहिली. सगळ्या रेघा सरळ आहेत. लेथवरच्या माणसानं ओढाव्यात तशा. एकही थरथरलेली नाही. दीड वर्ष रोज तुमचा हात तुम्हाला सांगत होता की मी ठीक आहे, आणि तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत. तुम्ही माझ्या रेघेवर विश्वास ठेवलात.

मी तिथेच काकूंना सगळं सांगितलं. पहिल्यांदा बोललो ते असं, वही मांडीवर घेऊन, मान खाली घालून. त्यांनी पूर्ण ऐकलं. वही माझ्या मांडीवरून घेऊन मिटली. मग म्हणाल्या, "गेले त्या सकाळी माझ्या सुईत दोरा त्यांनीच ओवला. एका झटक्यात. मी म्हटलं, अहो तुमचे हात तर चांगले आहेत. तर म्हणाले, सुई वेगळी, रायफल वेगळी."

मी रडायला लागलो. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. बरं केलं त्यांनी.

"माझी क्षमा मागू नकोस, सुधीर," त्या म्हणाल्या. "माझं काय गेलं? त्यांचे शनिवार गेले. तुला अंकात लिहायचंय ना त्यांच्यावर? मग हेच लिही. ज्या ज्या लोकांनी त्या दिवशी जेवताना हसून नेम गेला म्हटलं, त्या सगळ्यांनी वाचू दे."

म्हणून हे लिहिलं. मंडळींनो, नानांचा नेम गेला नव्हता. शेवटच्या दिवसापर्यंत गेला नव्हता.

गेल्या शनिवारी काकू स्वतःहून म्हणाल्या, मला रेंजवर यायचंय. पाच वर्षांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. मी डिकीतून तुमची खुर्ची काढली, त्यांच्यासाठी तुमच्या जागेवर मांडली आणि परत जाताना पुन्हा डिकीतच ठेवली. वॉल्ट आला, टोपी काढून त्यांच्यापुढे उभा राहिला आणि नुसतं "माजा" म्हणाला. काकूंना मी त्याचा अर्थ सांगितला.

बाकावर रायफल उलटी ठेवून मी माझी रेघ पुसून टाकली. शेवटी ओढलेली, ती खरीसुद्धा. स्क्रू काढला, पुन्हा लावला, आणि तुमच्या फाईलमधल्या त्या पावसाळी शनिवारच्या कागदावर तुम्ही जे लिहून ठेवलंय त्याप्रमाणे आवळत आवळत जागेवर आणला. काकूंनी पर्समधून बाटली काढली. तीच होती, तळाशी सुकत आलेली. "मी ओढू?" त्यांनी विचारलं. मी सरकलो. रेघ जराशी वाकडी आली.

"बरोबर आहे का रे?"

"मारून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, काकू," मी म्हटलं.

पाच मारल्या. खांदा सोडून, दात न आवळता. रायफल खाली ठेवली. काकू दुर्बिणीकडे वाकत होत्या, मी त्यांना थांबवलं.

"तिसरा माझा," मी म्हणालो.

मग त्यांनी पाहिलं. चार एकाच भोकात होत्या. एक नखभर बाहेर. काकूंनी टार्गेट मागवून घेतलं, फाईल उघडली, तारीख घातली, आणि तुम्ही लिहायचात तिथेच, तुमच्या अक्षरांखाली, लिहिलं: चार रायफलचे. एक सुधीरचा.